लोकर, सुया आणि गोठा

थंडीत विणकामाला भरपूर वेळ मिळतो असं ज्यांना वाटतं, त्यांच्या दारात गाईगुरं नसणार. पौषातली सकाळ गोठ्यात सुरू होते. शेण उचला, कडब्याच्या पेंढ्या तोडा, पाणी दाखवा, धार काढा. गार हात कासेला लागला की गाय पाय झाडते आणि पान्हा चोरते, त्यामुळे आधी चुलीपाशी हात शेकून घ्यावे लागतात. वासराला पाजून, शेळ्यांपुढे पाला टाकून, कोंबड्या डालग्याखालून सोडून होईस्तोवर ऊन ओट्यावर आलेलं असतं. मग सुया बाहेर निघतात. दुपारी पुन्हा पाण्याची वेळ होईपर्यंत जेवढ्या ओळी होतील तेवढंच त्या दिवसाचं विणकाम. नक्षीच्या मधोमध शेळीने दावं तोडलं, तर ओळ तिथेच टाकून पळायचं. जाळीची अवघड नक्षी मी त्यामुळेच सोडली. एक ओळ सुलट, एक ओळ उलट, एवढंच शेळीला परवडतं.

सूत कातणं मात्र बसून करायचं काम नाही, निदान टकळीवरचं तरी नाही. हे मी मेंढक्यांकडे बघून शिकले.

दिवाळी उलटली की माण, खटाव, फलटणकडचे मेंढरांचे वाडे पश्चिमेला सरकू लागतात. काही घाट उतरून कोकणातल्या रिकाम्या भातखाचरांत जातात, काही वाटेत आमच्यासारख्यांच्या रानात मुक्काम टाकतात. वाडा म्हणजे नुसता कळप नव्हे. घोड्यांच्या पाठीवर लादलेला अख्खा संसार, त्यात भांडी, पोरं, कोंबड्या, आणि चालता न येणारी कोकरं. रात्री मेंढरं जाळीच्या वाघरीत रानावर बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा रोख घ्यायची, आणि रान पालटत पुढे जायचं. लांडग्याच्या भीतीने कुत्री रात्रभर जागी असतात. त्यांच्या जोडीला आमचंही, विनाकारण.

आमच्याकडे येणारे एक मेंढकेमामा दिवसभर मेंढरांमागे चालतात आणि चालता चालता कातत असतात. मनगटावर लोकरीची सैल वळी, हातात टकळी. टकळी म्हणजे तरी काय, बोटभर जाडीची काडी आणि तिच्या खालच्या टोकाला वजन. तिला एक झटका द्यायचा. ती गरगरते, तेवढ्या अवधीत एका हाताने लोकर ओढायची आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्या-तर्जनीतून पीळ वर सोडायचा. सोडायचा, पण बेताने. बोटं जिथे धरलेली असतात त्याच्या वर तंतू मोकळे, खाली सूत. ही सीमा सारखी सरकती असते, आणि मामा तिच्याकडे बघतही नाहीत. त्यांची नजर बांधापलीकडच्या हरभऱ्यावर, कारण मेंढरांचीही तिकडेच असते. जाडीचा अंदाज बोटांनाच येतो. मध्येच एखादं मेंढरू फुटतं, मामा तोंडाने ‘हुर्र’ करतात, टकळी फिरतच राहते. धागा हातभर लांब झाला की काडीवर गुंडाळतात, अडकवतात, पुन्हा झटका.

चरखा टकळीपेक्षा कितीतरी वेगाने सूत देतो, यात वाद नाही. पण चरख्याला घर लागतं. ज्याचं घर घोड्याच्या पाठीवर आहे त्याच्याकडे वेग कमी आणि वेळ जास्त. दिवसभर चालायचंच आहे, तर त्या चालण्यातून फुकटात जे सूत निघेल तो नफाच. घरी मागे राहिलेल्या बायका चरख्यावर कातत, आणि सूत विणायला सणगरांकडे, म्हणजे घोंगड्या विणणाऱ्यांकडे जाई, ही जुनी पद्धत. आता कातणारे हात म्हाताऱ्यांचेच उरले आहेत. मामांचा मुलगा मेंढरांमागे चालताना मोबाइल बघतो. त्याचीही नजर मेंढरांवर नसते, पण मेंढरं त्याचंही ऐकतात.

मामांकडून मी लोकर घेते. पैसे घ्यायला ते नाखूश असतात, म्हणून ज्वारी देते. ती लोकर घरी आली की पहिल्यांदा घरातली माणसं नाकं मुरडतात आणि जनावरं खूश होतात. कुत्रं पोत्यावर ताबडतोब बस्तान ठोकतं. शेळ्या हुंगून जातात. वासरू एक झुपका तोंडात धरून चघळतं, आणि तो काढून घेताना माझीच बोटं चावली जातात. कापलेल्या लोकरीत एका मेंढीने हंगामभर पाहिलेलं सगळं रान असतं: गोखरूचे काटे, कुसळं, बाभळीच्या वाळक्या पाल्याचा भुगा, माती, आणि नको ते वाळलेलं. हे सगळं हातांनी वेचायचं. वेचण्यात जेवढा वेळ जातो त्याच्या निम्मासुद्धा कातण्यात जात नाही. विणलेल्या स्वेटरचं कौतुक करणाऱ्यांना हा भाग सांगून उपयोग नसतो.

शिवाय लोकर मेणचट असते. मेंढीच्या कातडीतून पाझरणारं ते मेण पावसाचं पाणी बाहेर ठेवतं. लॅनोलिन म्हणून बाटल्या-डब्यांतून विकत मिळतं ते हेच. फार कडक पाण्यात धुऊन ते पुरतं काढून टाकू नये असं माझं मत झालं आहे. एक तर गरम पाण्यात घासली की लोकर घट्ट गठ्ठा होऊन बसते. तिच्या प्रत्येक तंतूवर बारीक खवले असतात. उष्णता, साबण आणि चोळणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. नमदा, म्हणजे न विणता लोकर दाबून केलेलं जाड कापड, याच गुणावर बनतो, पण कातायच्या लोकरीचा नमदा झाला तर डोक्याला हात लावायचा. दुसरं कारण स्वार्थी आहे. थंडीत गार पाण्यात सारखे हात घालून बोटांना भेगा पडतात, आणि जरा मेण राहिलेली लोकर तासभर कातली की त्या भेगा मऊ पडतात. कोकमाचं तेलही लावते, नाही असं नाही. पण लोकर कातणं म्हणजे काम करता करता औषध.

मग पिंजणं, पिंजलेल्या लोकरीच्या सैल वळ्या म्हणजे पेळू करणं, कातणं. नवख्याचं सूत कुठे सुतळी आणि कुठे केस. पीळ कमी पडला तर धागा हवेतच तुटतो आणि टकळी पायावर पडते. पीळ जास्त झाला तर सूत सैल सोडताच स्वतःभोवती गुरफटून घेतं. एकेरी सुताचं विणलं की कापड तिरपं होत जातं, हे मला चौकोनाची शंकरपाळी होऊ लागली तेव्हा कळलं. पीळ सुतात दबून बसलेला असतो, संधी मिळताच तो उलगडू बघतो. म्हणून दोन सुतं घेऊन उलट दिशेने पिळायची. एकाची ओढ दुसऱ्याने मारायची, की विण सरळ पडते.

आता मुद्दा टोचण्याचा. आपली दख्खनी मेंढी बहुतेक काळी, कधी तपकिरी, कधी पांढरी-काळी मिसळ, आणि तिची लोकर भरड. भरड म्हणजे किती? धाग्याची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. मऊ लोकरीसाठी नावाजलेल्या मेरिनो मेंढीची लोकर साधारण 24 मायक्रॉनच्या आत असते. 30 च्या पुढची टोकं कातडीला टोचू लागतात. आपल्या मेंढीच्या लोकरीत त्याहून जाड तंतू भरपूर, वर राठ केसांची भर. म्हणून गळ्याशी लागलं की मान लाल. ‘देशी’ म्हटलं की सगळं मऊ, सात्त्विक आणि औषधी असणार असं मानणाऱ्या मंडळींना मी न बोलता एक टोपी घालायला देते.

पण ही लोकर कातडीला लागण्यासाठी नव्हतीच. ती अंगावरच्या कपड्यांवरून घ्यायची, जमिनीवर अंथरायची, पावसात खोळ करून डोक्यावर ओढायची. त्यासाठी घोंगडी. सणगर खड्ड्याच्या मागावर ती विणतात, ताण्याच्या उभ्या धाग्यांना चिंचोक्यांची खळ देतात, म्हणून नवी घोंगडी हातात घेतली की आधी पुठ्ठ्यासारखी ताठ लागते. वापरून, झटकून, उन्हात टाकून ती हळूहळू माणसाळते. बहुतेक काळ्या घोंगडीला रंग द्यावा लागत नाही. रंग मेंढीनेच दिलेला असतो. कोकराची पहिली कातरलेली लोकर तेवढी मऊ निघते. तिला जावळ म्हणतात. जावळाची घोंगडी म्हणजे मिरवायची वस्तू.

लोकरीचा आणखी एक गुण पहाटेच्या धारेला कळतो. हवेतलं बाष्प ती स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतकं पिऊ शकते आणि तरी हाताला ओली लागत नाही. पिताना किंचित ऊबही सोडते. उसाच्या फडावरून धुकं गोठ्यात शिरतं तेव्हा अॅक्रिलिकचा स्वेटर दमट होऊन गार पडतो. त्याच्या शेजारी ही टोचरी, मेंढीचा वास मारणारी लोकर आपलं काम करत असते. चुलीतली ठिणगी उडाली तर अॅक्रिलिक वितळून चिकटतं. लोकर केस जळाल्याचा वास सोडते आणि बहुधा तिथेच विझते. माझ्या पदराला आणि लोकरीला, दोन्हीला याचा अनुभव आहे.

म्हणून मी ठरवलं की विणायची ती हीच, पण सुती ब्लाउजवरून घालायची. मामांच्या घरच्या, मी त्यांना मावशी म्हणते, ओट्यावर बसून माझ्या सुया बराच वेळ बघत होत्या.

“ह्याला माग न्हाई लागत?”

“नाही मावशी, दोन सुया पुरतात. एकच धागा आहे सगळा.”

“येकच? मंग येक तुटला तर समदं जायाचं की.”

खोटं नव्हतं. मागावरच्या कापडात उभे धागे वेगळे, आडवा वेगळा. विणकामात एकच धागा घरातून घर, म्हणजे टाक्यातून टाका, काढत जातो, म्हणून ते ताणतं, कोपराला वळतं, आणि एक घर सुटलं की खालपर्यंत शिडी पडते. माग हजारो वर्षांचा. दोन सुयांचं विणकाम त्या मानाने काल-परवाचं. सापडलेले जुन्यात जुने नमुने इजिप्तमधले, तेही गेल्या हजारएक वर्षांतले. आणि 1589 मध्ये इंग्लंडात विल्यम ली नावाच्या माणसाने विणकामाचं यंत्रही करून टाकलं. एवढ्यात हातांनी विणणाऱ्यांचा धंदा बसायला हवा होता, पण लगेच नाही बसला. मावशींना मी यातलं काही सांगितलं नाही. त्यांनी सुई हातात घेतली, चार घरं विणली, आणि माझ्यापेक्षा एकसारखी विणली. आयुष्यभर सूत बोटांखालून गेलेल्या माणसाला ताण शिकवावा लागत नाही.

लोकरीला भाव नाही हे मामा दर खेपेला सांगतात, तक्रार म्हणून नाही, पावसाची बातमी द्यावी तसं. कातरणीची मजुरीही सुटत नाही, म्हणून कित्येक जण कातरलेली लोकर बांधावरच टाकून जातात. मेंढी वर्षातून दोनदा कातरावीच लागते, नाहीतर तिला उन्हात जड होतं आणि अंगात गोचीड माजतात. पैसा मटणात आहे. जत भागातली उंच, फुगीर नाकाची माडग्याळ मेंढी लोकांना हवी असते. तिच्या अंगावर लोकर जेमतेम. फलटणच्या निंबकर संस्थेने सुंदरबनातल्या गॅरोल मेंढीचा जुळ्यांचा गुण दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ तयार केली, ती एका वेताला दोन कोकरं देते. मेंढक्याच्या जागी मी असते तर मीही तीच पाळली असती. भरड लोकरीच्या नावाने उसासे टाकायचे आणि घालायला मऊ मेरिनो विकत आणायची, हा दुटप्पीपणा शहरातल्या लोकरप्रेमींत बराच आहे. घोंगडीच्या पिशव्या आणि मोबाइलची पाकिटं करणाऱ्यांचं मला त्यापेक्षा पटतं. निदान लोकर खपते.

तर माझा स्वेटर. मामांच्या कळपात एकच मेंढी पिंगट आहे, पिकलेल्या चिंचेच्या टरफलाच्या रंगाची. तिचीच लोकर हवी असा माझा हट्ट. मेरिनोची मेंढी वर्षाला चार-पाच किलो देते; आपली बापडी वर्षाकाठी अर्धा किलोच्या आसपास, तीही दोन हप्त्यांत. त्यातली माती, काटे आणि मेण वजा केलं की हातात काय राहणार. आधीची एक कातरणी मी साठवून ठेवली होती, तिच्यात कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला घालून. या खेपेची तिच्यात मिळवली. पाठ झाली, पुढचा भाग झाला, डावी बाही झाली, आणि गुंडा संपला. काळ्या सुताची उजवी बाही चालेल, असं घरातून सुचवण्यात आलं. सुचवणाऱ्याला मी त्या दिवशी धार काढायला पाठवलं.

वाडा हलायच्या आदल्या संध्याकाळी मामांना विचारलं, पिंगटीची थोडी तरी लोकर निघेल का. त्यांनी मेंढीच्या पाठीत बोटं खुपसून वाढ बघितली.

“आत्ता कुठनं? पावसाआधी माघारी जाताना कातरतो, तवा घ्या.”

“म्हणजे थंडी संपल्यावर.”

“तोवर येकच हात बाहेर काढा की, ताई. धार तर उजव्या हातानंच काढता न्हवं? त्यो मोकळाच बरा.”