पुढची पाच पुस्तकं

सिएटलच्या सार्वजनिक वाचनालयात वर्गणी नाही, अनामत नाही आणि जानेवारी २०२० पासून उशिराचा दंडही नाही. पुण्यातल्या मंडळींना हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग पुस्तकं परत कोण करतं? करतात लोक. हरवलं तर किंमत भरावी लागते, एवढा धाक पुरतो.

पण मला सांगायचंय ते दुसरंच. 'आता काय वाचू?' हा प्रश्न इथल्या काउंटरवर कुणीही, अगदी साठीचा माणूससुद्धा, बिनदिक्कत विचारतो. त्याचं उत्तर देणं हा ग्रंथपालाच्या कामाचाच भाग आहे आणि त्यांना ते रीतसर शिकवलेलं असतं. पुस्तक शोधून देणं वेगळं, सुचवणं वेगळं.

इथे या कामाला बराच जुना इतिहास आहे. १९२०-३०च्या सुमारास अमेरिकेतल्या मोठ्या वाचनालयांमध्ये वाचकांना सल्ला देणारी खास माणसं नेमलेली असत. तुमचं शिक्षण, तुमचा कल बघून ती वाचनाचा आराखडा आखून देत. हेतू चांगला, पण सूर मास्तरांचा: हलकंफुलकं वाचणाऱ्याला हळूहळू वर न्यायचं. पुढे ते मागे पडलं. १९८०च्या दशकात सल्ला परत आला तो सूर बदलून. वाचकाला सुधारायचं नाही, त्याला काय आवडतं तेवढं ओळखायचं. प्रेमकथा मागणाऱ्याला चांगली प्रेमकथाच द्यायची, भुवया न उंचावता.

सिएटलमध्ये या विषयातलं मोठं नाव म्हणजे नॅन्सी पर्ल. सगळ्या शहरानं एकच पुस्तक वाचावं आणि त्यावर बोलावं, ही कल्पना त्यांनी १९९८ मध्ये इथल्या वाचनालयातून राबवली आणि मग ती देशभर पसरली. त्यांच्यावरून बेतलेली ग्रंथपालाची खेळण्यातली बाहुलीसुद्धा बाजारात आली होती, यावरून काय ते समजा. पुस्तकात शिरायला चार दारं असतात, असं त्या सांगतात: कथानक, पात्रं, परिसर आणि भाषा. ज्याचं त्याचं दार ठरलेलं असतं. म्हणून 'कोणत्या विषयावरचं हवंय?' असं विचारण्यापेक्षा 'तुम्हाला आवडलेल्या एखाद्या पुस्तकाबद्दल सांगा' म्हणायचं आणि ऐकायचं. माणूस 'मग काय झालं माहितीये?' करत सांगू लागला तर कथानक. 'ती आजी काय बाई आहे!' म्हणाला तर पात्रं. एकाच युद्धावरच्या दोन कादंबऱ्या एकाच वाचकाला आवडतील असं नाही, हे आपल्याला अनुभवानं माहीत असतं. इथे त्याचा उपयोग करून घेतात.

काउंटरवर बोलायचा संकोच वाटला तर वाचनालयाच्या संकेतस्थळावर 'तुमची पुढची पाच पुस्तकं' नावाचा अर्ज आहे. काय आवडलं, का आवडलं, काय अजिबात नको ते लिहायचं. कुणीतरी ग्रंथपाल तो वाचतो आणि पाच नावं कळवतो. मी लिहिलं होतं: माणसं काम करताना दिसतात अशी पुस्तकं आवडतात, शेत, बोट, भटारखाना, काहीही चालेल. खून नको. शेवटी कुणाला तरी जगण्याचं सार सापडतं, असलं तर नकोच नको. उत्तरात अलास्कातल्या मासेमारीवरचं एक पुस्तक होतं, एका इस्पितळात घडणारी कादंबरी होती आणि एक चित्रमय आत्मकथन होतं, ज्याला मी आपण होऊन कधी हात लावला नसता. प्रत्येकाखाली दोन ओळी, हे तुम्हालाच का, याच्या. त्या दोन ओळींसाठी मी पुन्हा अर्ज भरेन.

आपल्याकडे हे नव्हतं असं मी म्हणणार नाही. पेठेतल्या आमच्या वाचनालयातल्या काकांना कोणी कधी अर्ज भरून दिला नाही. ते पुस्तक नोंदवता नोंदवता म्हणत, 'हे तुमच्या आईनं मागच्याच महिन्यात नेलंय, घरात कुणाला आवडलं नव्हतं. त्यापेक्षा हे न्या.' अख्ख्या कुटुंबाचं वाचन त्यांच्या डोक्यात असे. इथे ते शक्यच नाही. पुस्तक परत आलं की कुणी काय नेलं होतं याची नोंद अमेरिकेतली बरीच वाचनालयं मुद्दाम पुसून टाकतात. कोण काय वाचतं हे सरकारलाही सहजी कळू नये, हा त्यामागचा विचार. तो मला पटतो. पण त्यामुळे ग्रंथपालाला तुमच्याबद्दल काहीच माहीत नसतं आणि दरवेळी पहिल्यापासून विचारावं लागतं. खरेदीची ॲप्स आपलं सगळं लक्षात ठेवून पुन्हापुन्हा तसलंच काहीतरी पुढे करतात. त्या मानानं हे कोरं विचारणं मला बरं वाटतं. काकांची सर मात्र त्याला नाही.

'प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक' ही सूत्रं मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडली. इथल्या ग्रंथपालांना ती पाठ असतात, हे ऐकून उगीचच कॉलर ताठ होते.

सुचवण्यामागे एक व्यवहारही आहे. गाजणाऱ्या नव्या पुस्तकासाठी इथे लांबलचक रांग लागते. ई-पुस्तक आहे म्हणून लगेच मिळेल असंही नाही. प्रकाशक वाचनालयाला ते बहुधा ठरावीक मुदतीपुरतं वापरायला देतात आणि एक प्रत एका वेळी एकालाच मिळते. म्हणून काही गाजत्या पुस्तकांच्या जादा प्रती वेगळ्या फडताळावर असतात: नंबर लावायचा नाही, मुदतवाढ मागायची नाही, समोर दिसलं तर उचलायचं. आणि रांगेत ताटकळणाऱ्याला तसंच, पण दहा वर्षांपूर्वीचं, कपाटात नुसतं बसून असलेलं पुस्तक हातात द्यायचं. मला तरी बहुतेकदा हे जुनंच जास्त आवडलंय.

उन्हाळ्यात मोठ्या माणसांसाठी पुस्तकांचा बिंगो असतो. पाच बाय पाचच्या चौकोनांत वाचनाचे प्रकार लिहिलेले असतात, एक ओळ भरली की बक्षिसाच्या सोडतीत नाव जातं. मला सोडतीत कधी काही लागलेलं नाही, पण कवितासंग्रह बिंगोमुळे वाचून होतात.

सुचवलेलं नाही आवडलं तर? त्यावर पर्लबाईंचा नियम आहे. पन्नास पानं वाचा, नाही रमलात तर खुशाल मिटून ठेवा. पन्नाशी ओलांडली असेल तर शंभरातून वय वजा करा, उरतील तेवढीच पानं वाचा. शंभरी गाठलेल्यानं नुसतं मुखपृष्ठ बघून ठरवावं. आईला फोनवर हे सांगितलं. ती एकाहत्तरची, म्हणजे एकोणतीस पानं.

"एवढी कशाला?" ती म्हणाली. "मला तिसऱ्या पानावर कळतं."