मोगऱ्याची छाटणी : माघ ते चैत्राची नोंद

गेली तीन वर्षे आमच्या मुलुंडच्या घरातील चारही मोगऱ्यांना पाने भरपूर आणि फुले मोजकी, अशी अवस्था होती. त्याचे कारण मी खतात, पाण्यात आणि समोर उभ्या राहिलेल्या टॉवरच्या सावलीत शोधले, फक्त स्वतःच्या कात्रीत शोधले नाही. मोगऱ्याला फुले येतात ती नव्या फुटीच्या टोकाला. जुनी फांदी कितीही जपली तरी ती लांबत जाते, खालून उघडी पडते आणि कळी मात्र धरत नाही. हे ठाऊक असूनही हिरवीगार फांदी कापायला हात धजत नव्हता. माझी ही रड ऐकून सासूबाई एवढेच म्हणाल्या, ‘‘केस कापले म्हणून वाढायचे थांबतात का गं?’’

पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखात येत असला तरी मुंबईची झाडे तेवढे थांबत नाहीत. विक्रोळीजवळ पूर्व द्रुतगती मार्गाच्या कडेची गुलाबी टॅबेबुया फेब्रुवारी-मार्चमध्येच बहरते आणि राष्ट्रीय उद्यानातील पळस व काटेसावर त्याच सुमारास फुललेली असतात. म्हणून पाडव्याची वाट न पाहता 26 जानेवारीच्या सुटीत छाटणी केली. आधी आठवडाभर पाणी कमी ठेवले, मग प्रत्येक फांदीचा सुमारे एक तृतीयांश भाग डोळ्याच्या (पानाच्या बगलेतली नवी फूट निघण्याची जागा) थोडा वर तिरका काप घेऊन काढला. मोगऱ्याची पाने बहुधा समोरासमोर येतात, त्यामुळे एका पेरावर दोन डोळे असतात आणि एका कापाखाली दोन फुटी निघू शकतात. नंतर प्रत्येक कुंडीत दोन मुठी गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड घातली. युरिया मुद्दाम टाळला, कारण जादा नत्राने पुन्हा पानेच माजली असती.

तेराव्या दिवशी एका पेराशी मोहरीएवढा हिरवा ठिपका दिसला. चष्मा पुसून पुन्हा पाहिला. चार दिवसांत त्याच्या समोरचा डोळाही फुगला.

चौथ्या कुंडीतील मदनबाण, हा मोगऱ्याचाच एक प्रकार, मात्र गेला, आणि चूक पूर्णपणे माझी होती. त्याच्या मुळांनी कुंडी गच्च भरलेली दिसली, म्हणून छाटणीच्याच दिवशी मुळेही कापून कुंडी बदलली. अन्न तयार करणारी पाने आणि पाणी शोषणारी बारीक मुळे एकाच दिवशी गमावल्यावर झाड सावरणार कसे? फांद्या टोकाकडून काळ्या पडत गेल्या आणि नखाने साल खरवडली, तेव्हा मातीपर्यंत कुठेही हिरवे लागले नाही. छाटणी आणि कुंडीबदल यांत निदान महिनाभराचे अंतर ठेवावे, असे माझे आता ठाम मत झाले आहे. त्याच मदनबाणाच्या छाटलेल्या सहा काड्या श्रीखंडाच्या डब्यात खोचून ठेवल्या होत्या, त्यांपैकी दोन तग धरून आहेत.

त्याच आठवड्यात मी सोसायटीचे सचिवपदही सोडले. सहा वर्षे मी पार्किंगची भांडणे सोडवत होते, आणि मोगऱ्याचा त्याच्याशी काही संबंध नाही, असे घरी सांगते. पण लोकल गाठण्यापूर्वीचा जो अर्धा तास पूर्वी रहिवाशांच्या तक्रारींना उत्तरे देण्यात जात असे, तो आता फुटी मोजण्यात आणि वहीत लिहिण्यात जातो. याच सवयीमुळे पानांच्या बगलेतला पिठ्या ढेकूण पहिल्या दोन-चार ठिपक्यांतच सापडला आणि ओल्या कापसाने पुसून काढता आला.

पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी पहिले फूल उमलले. एका टोकाला तीन कळ्या होत्या. त्यांतली मधली आधी उघडली आणि बाजूच्या दोघी अजून घट्ट मिटलेल्या होत्या. गेल्या वर्षी याच सुमारास तिन्ही कुंड्या मिळून माझ्या वहीत पाच कळ्यांची नोंद आहे. यंदा ती एकेचाळीस आहे.

आता काळजी उन्हाची आहे. कुंड्या दक्षिणेच्या ग्रिलमध्ये आहेत आणि जानेवारीत तिथे दिवसभर तिरपे ऊन येत असे. सूर्य उत्तरेकडे सरकतो आणि मेच्या मध्याला मुंबईत भर दुपारी तो थेट डोक्यावर येतो, तेव्हा वरच्या मजल्याची स्लॅब सगळे ऊन अडवते. म्हणून एप्रिलच्या अखेरीस तिन्ही कुंड्या पूर्वेच्या खिडकीत हलवणार आहे, जिथे सध्या सासूबाईंच्या तुळशीचा मुक्काम आहे. त्या वाटाघाटी अजून सुरू व्हायच्या आहेत.