आइस क्लाइंबिंग: प्राथमिक टप्प्यानंतर काय शिकावे

गोठलेल्या धबधब्यावर टॉप रोप, म्हणजे वरून बांधलेला सुरक्षा दोर, लावून काही काळ चढणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला आणखी उभ्या बर्फाची ओढ लागते. ‘डब्ल्यूआय ३’ (डब्ल्यूआय म्हणजे ‘वॉटर आइस’, गोठलेल्या पाण्याच्या बर्फाची अवघडपणाची मोजपट्टी) श्रेणीचा, म्हणजे साधारण ७० ते ८० अंशांचा आणि मध्ये मध्ये विसावता येईल असा बर्फ जमू लागला, की नजर लगेच ‘डब्ल्यूआय ५’च्या सलग उभ्या खांबांकडे वळते. माझे मत असे आहे की या टप्प्यावर श्रेणी वाढवण्याची घाई करू नये. जो उतार आधीच जमतो, त्याच उतारावर निम्म्या घावांत आणि निम्म्या दमात चढता येईपर्यंत तिथेच राहावे, कारण उभ्या बर्फावर लागणारी सगळी कौशल्ये याच कामातून घडतात.

सुरुवात घावांपासून करावी. नवशिका चढाईपटू एकेका जागी चार-चार, पाच-पाच वेळा टूल, म्हणजे हातातली बर्फाची कुऱ्हाड, मारतो, आणि त्याचे कारण बहुधा ताकद कमी पडणे हे नसते; त्याने जागा चुकीची निवडलेली असते. फुगीर उंचवट्यावर पिक (टूलचे टोकदार पाते) बसले की बर्फाची थाळीएवढी चकती सुटून येते, तर दोन उंचवट्यांमधल्या खोलगट जागेत बर्फ चहूबाजूंनी दाबलेला असल्यामुळे पिक सहज रुतते. घाव घालण्याआधी क्षणभर थांबून अशी जागा नजरेने पक्की करावी, खांदा, कोपर आणि मनगट एका रेषेत आणावे आणि टूल बर्फाला भिडण्याच्या बेतात असताना मनगटाचा हलका झटका द्यावा. पहिला घाव पुरेसा रुतला नाही तर दुसरा त्याच छिद्रात घालावा. नीट बसलेल्या पिकचा आवाज भरीव येतो. पोकळ किंवा फुटल्यासारखा आवाज आला तर त्यावर भार टाकू नये. आधीच्या चढाईपटूंनी पाडलेल्या छिद्रांत किंवा नैसर्गिक खाचांत पिक नुसते अडकवून चढणे हेही स्वतंत्र कौशल्य आहे आणि त्यात कमीपणा मुळीच नाही. टूल काढताना ते आडवे हलवू नये, त्याने पिक मोडू शकते. दांडा वर-खाली हलवून सैल करावा आणि मग बाहेर ओढावे.

खरी चढाई मात्र पायांवर होते. लॉरां ग्रिव्हेल यांनी 1929 मध्ये क्रॅम्पॉनला, म्हणजे बुटाखाली बांधायच्या दातेरी पट्ट्याला, पुढे दोन दाते जोडले, तेव्हापासून बर्फात पायऱ्या न खोदता सरळ वर जाणे शक्य झाले, परंतु ते दाते नीट काम करतात ते टाच खाली असेल तरच. टाच थोडी खाली ठेवली की पुढच्या दात्यांमागची जोडीही बर्फाला टेकते आणि पाऊल स्थिर होते. टाच उचलली गेली की पुढचे दाते बर्फ कापत निसटतात, शिवाय पोटऱ्या काही मिनिटांत भरून येतात. लाथ गुडघ्यातून, सरळ आणि मोजकी बसावी. यासाठी सोप्या उतारावर टॉप रोप लावून एकाच टूलने, आणि जमल्यास टूलशिवाय चढण्याचा सराव करावा. पायांवर विश्वास बसण्यासाठी याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

हात आणि पाय यांची सांगड त्रिकोणात बसते. एक टूल डोक्याच्या वर मध्यभागी, दोन्ही पाय त्याखाली खांद्याएवढ्या अंतरावर आणि एका पातळीत, कंबर बर्फाजवळ, हात सरळ. या स्थितीत शरीराचा भार हाडांवर येतो आणि दंड मोकळे राहतात. मग छोट्या पावलांनी पाय वर घ्यावेत, उभे राहावे आणि दुसरे टूल पहिल्याच्या शेजारी न मारता त्याच्या बरेच वर मारावे. दोन्ही टूल शेजारी-शेजारी मारत गेले तर त्याच उंचीसाठी दुप्पट घाव पडतात. मूठही सैल ठेवावी. घट्ट पकडीने बोटांतले रक्त अडते, आणि नंतर ते परत येताना होणाऱ्या वेदना भल्याभल्यांना रडवतात.

आता लीड करण्याविषयी, म्हणजे वरून दोर नसताना स्वतः दोर अडकवत पुढे चढण्याविषयी, आणि इथे मी कोणतीही सवलत द्यायला तयार नाही. प्रस्तरारोहणात दोरावर पडणे हा सरावाचा भाग मानला जातो. बर्फावर तसे मानू नये. पडताना क्रॅम्पॉनचे दाते बर्फात अडकून घोटा मोडतो आणि धारदार टूल हातांशी असतातच. म्हणून टॉप रोपवर जी श्रेणी निवांत जमते, त्याहून निदान एक, शक्यतो दोन श्रेणी खालचा बर्फ लीडसाठी निवडावा. त्याआधी टॉप रोप तसाच ठेवून खालून दुसरा दोर ओढत नेण्याचा, म्हणजे स्क्रू (बर्फात फिरवून बसवायची आटेदार पोकळ नळी) लावत, त्यांत दोर अडकवत चढण्याचा सराव पुष्कळ करावा. स्क्रू कंबरेच्या उंचीवर लावावा, कारण तिथेच फिरवायला जोर मिळतो. डोक्यावर हात ताणून लावताना दम निघून जातो. आधी वरचा कुजका बर्फ खरवडून काढावा. स्क्रू फिरवताना नळीतून बर्फाचा सलग, घट्ट गाभा बाहेर येत असेल तर बर्फ चांगला. मध्येच विरोध एकदम कमी झाला तर आत पोकळी आहे असे समजून जागा बदलावी.

स्क्रूच्या कोनाबद्दल जुनी शिकवण अशी होती की तंबूच्या खुंटीप्रमाणे त्याचे डोके वरच्या बाजूला कललेले असावे. पुढे झालेल्या चाचण्यांमधून दिसले की चांगल्या बर्फात मुख्य भार आटे पेलतात, त्यामुळे स्क्रू पृष्ठभागाला काटकोनात किंवा डोके किंचित खाली कललेला अधिक मजबूत ठरतो. वितळत्या, भुसभुशीत बर्फात मात्र आट्यांना पकडच मिळत नाही. ऊन लागणाऱ्या जागी धातू तापून स्क्रूभोवतीचा बर्फ वितळतो, याचाही विचार हवा.

उतरण्यासाठी सोव्हिएत गिर्यारोहक व्हिताली अबालाकोव्ह यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत जमिनीवर उभे राहून पक्की करावी. लांब, शक्यतो २२ सेंटीमीटरच्या स्क्रूने दोन तिरकी छिद्रे अशी पाडायची की ती आत खोलवर एकमेकांना मिळतील, मग त्यांतून दोरी ओवून गाठ मारायची. पहिला माणूस उतरताना आधाराला एक स्क्रू जोडलेला असावा. तो शेवटच्या माणसाने काढावा.

बर्फ वाचणे हे सर्वांत सावकाश येणारे कौशल्य आहे. शून्याच्या आसपासच्या तापमानात बर्फ मऊ आणि पकड देणारा असतो. कडाक्याच्या थंडीत तो काचेसारखा फुटतो. तापमान अचानक खूप उतरले की जमिनीला टेकलेल्या मोकळ्या खांबात ताण वाढतो, आणि असा खांब एका घावाने आडवा तडकू शकतो. अशा दिवशी खांबाऐवजी खडकाला चिकटलेला बर्फ निवडावा. धबधब्याच्या माथ्यावर काय आहे तेही आधी पाहावे, कारण अनेक धबधबे हिमप्रपाताच्या वाटेतच गोठतात आणि खालून तो उतार दिसत नाही. बिले देणाऱ्याने, म्हणजे खालून दोर सांभाळणाऱ्या जोडीदाराने, पडणाऱ्या बर्फाच्या रेषेबाहेर, शक्यतो कड्याच्या आडोशाला उभे राहावे.

पिक आणि दाते हाताच्या कानशीनेच धारदार करावेत. ग्राइंडरच्या उष्णतेने पोलादाचे पाणी उतरते आणि टोक लवकर वाकते. स्क्रूचे दाते मात्र हाताने सारखे घासणे अवघड असते, आणि एक दाताही लहान-मोठा राहिला तर स्क्रू पकड घेत नाही. ते काम यंत्रावर, जाणकाराकडूनच करून घ्यावे.