भाजा म्हणजे नक्की काय करा?

हल्ली रेसिपीचे व्हिडिओ बघताना एक गोष्ट फार खटकते, सगळे सगळ्यालाच 'फ्राय करून घ्या' नाहीतर 'रोस्ट करून घ्या' म्हणतात. कांदा फ्राय, रवा रोस्ट, मसाला फ्राय. अहो, आपल्याकडे यासाठी इतके शब्द आहेत, आणि आच किती, तेल किती, हात कसा चालवायचा हे त्या शब्दातच आलेलं असतं, ते का सोडायचं?

परतणं आणि भाजणं घ्या. बरेच जण सांगतात की तेलात केलं तर परतणं आणि कोरडं केलं तर भाजणं. पण मग शिऱ्याचा रवा तूप घालूनही भाजतातच ना, आणि लाडवाचं बेसन एवढ्या तुपात असतं तरी कोणी 'बेसन परतलं' म्हणत नाही. मला वाटतं परतणं हे हाताचं काम, उलथनं फिरवायचं, खालचं वर, वरचं खाली. भाजणं म्हणजे त्या जिनसाच्या आत काय झालं ते, कच्चा वास गेला, रंग बदलला, खमंगपणा आला. म्हणून 'सतत परतत राहून छान भाजा' असं एका वाक्यात दोन्ही म्हणता येतं आणि कुणाला ते विचित्र वाटत नाही.

आमच्या गोव्यात हा फरक थेट ताटात दिसतो. हुमणाला (माशांच्या आमटीला) खोबरं कच्चं वाटायचं, खतखत्यालाही (मिसळीच्या भाजीलाही) कच्चंच. तेच खोबरं भाजून वाटलं की शागुती (मसालेदार रस्सा) होते, आळसांद्यांचं (चवळीसारख्या कडधान्याचं) तोंडाक, म्हणजे दाट उसळ, होतं. नारळ तोच, पण रंग, वास, दाटपणा सगळंच वेगळं.

परवा पुण्याहून भाचीचा फोन, "मावशी, खोबरं खरपूस भाज म्हणालीस, म्हणजे किती मिनिटं?" मी म्हटलं मिनिटं बघू नकोस गं, कढईत बघ. ओल्या खोबऱ्यात जवळपास निम्मं पाणी असतं, ते आहे तोवर नुसती वाफ येते, खोबरं पांढरंच राहतं आणि आपल्याला वाटतं काहीच होत नाहीये. पाणी १०० अंशाच्या वर तापत नाही आणि तांबूस रंग भराभर यायला साधारण १४० अंश तरी लागतात (या रंग-वासाच्या रासायनिक क्रियेला मेलार्ड या फ्रेंच शास्त्रज्ञाचं नाव आहे, त्याने ती १९१२ मध्ये मांडली). एकदा पाणी उडालं की मग खोबरं हाताला हलकं लागतं, सुटं होतं, उलथन्याखाली खसखस आवाज करायला लागतं, कडेचा कीस आधी बदामी होतो आणि तिथून पुढे सगळं झपाट्याने होतं, तेव्हा फोन घ्यायला सुद्धा जायचं नाही. मनासारखा रंग यायच्या जरा आधीच ताटलीत काढायचं, कारण लोखंडी कढई गॅस बंद केल्यावरही भाजतच राहते. धणे, खसखस, मिरच्या वेगवेगळ्या भाजायच्या ते याचसाठी, धणे होईपर्यंत खसखस काळी पडते.

शेकणं आणखी निराळं. भाकरी तव्यावर भाजतात आणि मग निखाऱ्यावर शेकतात, म्हणजे भाजून झालेल्याला शेवटची ऊब द्यायची, ती फुगते. दुखरी कंबरसुद्धा आपण शेकतो, भाजत नाही. त्या शब्दातच माया आहे.

आणि जास्त झालं तर त्याच्याही पायऱ्या आहेत. भात आधी खाली 'लागतो', तेव्हा वरचा अलगद काढून घेतला तर वाचतो. मग करपतो, वास सगळ्या भातात शिरतो. मग जळतो. 'बर्न झालं' म्हटलं की यातलं नेमकं काय झालं, काही वाचवता येईल का, हे कळतच नाही.

पोळणं मात्र बहुतेक आपल्याच अंगाला होतं. चहाने जीभ पोळते, दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. इथे काजूच्या दिवसांत बिया सालासकट भाजतात ते घराबाहेर, मोकळ्यावर, कारण सालातलं तेल भडकन पेटतं आणि अंगावर उडालं तर कातडी पोळते, म्हणून मुलांना लांब उभं करतात. बी भाजायची, हात पोळायचा नाही.

भाचीला किसमूरही (सुक्या कोळंबीची कोशिंबीर) हवं होतं, ते तिला असं लिहून पाठवलं. सुकी सुंगटं (कोळंबी) निवडून डोकी-शेपट्या काढायच्या आणि मंद आचेवर कोरडीच भाजायची, बोटाने मोडली की कट्कन तुटली पाहिजेत. खोबरं भाजायचं नाही, ओलंच घ्यायचं. त्यात बारीक चिरलेला कांदा, तिखट, मीठ, भिजवलेली सोलं (आमसुलं), आणि आवडत असेल तर वरून थोडं खोबरेल. कालवायचं अगदी पानं घेतल्यावर, आधी कालवलं तर सुंगटं मऊ पडतात.