वादकांचा रविवार

आज सगळा रविवार बो-कीज ऐकण्यात गेला. भांडी घासताना सुरू केलं ते रात्रीपर्यंत बंदच केलं नाही.

अमेरिकेतल्या मेम्फिस शहराचा बँड. स्कॉट बोमर या बेसवादकाने १९९८ साली उभा केला आणि त्यात माणसं गोळा केली ती कोण? साठ-सत्तरच्या दशकात तिथल्या स्टुडिओंमध्ये सोल या कृष्णवर्णीय अमेरिकन संगीतप्रकाराच्या रेकॉर्ड वाजवून दिलेले म्हातारे. गायक आयझॅक हेजच्या ‘शाफ्ट’ सिनेमाच्या गाण्यातली ती वाव-वाव करणारी गिटार माहितीये ना? ती वाजवणारा स्किप पिट्स इथे होता. गायक अल ग्रीनच्या गाण्यांमागचा ड्रमर हॉवर्ड ग्राइम्सही. त्याचा ठेका किंचित मागे रेंगाळतो, पण मात्रा चुकायचं नाव नाही.

आणि ट्रम्पेटवर बेन कॉली. १० डिसेंबर १९६७ ला सोल गायक ओटिस रेडिंगचं विमान विस्कॉन्सिनच्या मोनोना तळ्यात कोसळलं, त्यातून वाचलेला हा एकटाच. सीटची गादी छातीशी धरून गार पाण्यात तरंगत राहिला होता. हे माहीत असलं की त्याचा ट्रम्पेट नुसता ‘जुना काळ आठवला’ म्हणून ऐकताच येत नाही.

तिघेही आता नाहीत. पिट्स २०१२, कॉली २०१५, ग्राइम्स २०२२.

गाण्यामागच्या वादकांचं नाव फारसं कुणी घेत नाही. आपल्याकडे तरी काय, जुन्या हिंदी तबकड्यांवर गायक-संगीतकारांची नावं, व्हायोलिन-सॅक्सोफोन वाजवणारे गोव्याचे वादक बेनाम.

असो. ऐकणार असाल तर हेडफोन लावा. मोबाइलच्या स्पीकरवर बेस पार मरतो.