दगडात कोरल्यासारखी अक्षरं

काल रात्री परत फोटोशॉप उघडून बसले, दगडाच्या टेक्स्चरवर नाव कोरल्यासारखं दिसायला हवं होतं. आधी जाड फॉन्ट घ्या, बारीक अक्षरात खोली दिसतच नाही. मग अक्षरांच्या लेयरचा, म्हणजे थराचा, फिल ० करायचा, ओपॅसिटी (अख्खा थर किती ठळक दिसतो ते) नाही हं, फिल! ओपॅसिटी ० केली तर सावलीसारखे इफेक्टपण गायब होतात, फिल ० केला की अक्षराचा रंग जातो पण इफेक्ट राहतात आणि आतून खालचा दगड दिसतो.

आता इनर शॅडो, म्हणजे अक्षराच्या आतली सावली, अँगल १२०, म्हणजे उजेड वरून डावीकडून, त्यामुळे सावली अक्षराच्या आत वरच्या कडेला पडते आणि डोळ्याला खड्डा वाटतो. पण खरी जान येते ती खालच्या कडेच्या उजळ रेषेने. त्यासाठी ड्रॉप शॅडो, म्हणजे अक्षराबाहेर पडणारी सावली, पांढरी, डिस्टन्स १ पिक्सेल, आणि ब्लेंड मोड (वरचा रंग खालच्यात कसा मिसळतो ते) गडद करणाऱ्या मल्टिप्लायवरून उजळ करणाऱ्या स्क्रीनवर न्या, कारण मल्टिप्लायमध्ये पांढरा दिसतच नाही, माझा यातच एकदा तासभर गेलाय.

देवनागरीत तर हे फारच सुंदर दिसतं, शिरोरेषेच्या वरच्या कडेला आतून सलग सावली धरते ना, अगदी छिन्नीने ओढल्यासारखी!