आमची वाटचाल : सेटिंगची फाइल, ‘सोर्स’पासून आजपर्यंत

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्र्या आणि निपाणी-चिकोडीकडचे व्यापारी यांच्या सर्व्हरवर बॅकअपच्या आणि बिलांच्या शेल स्क्रिप्ट (ओळीने चालणाऱ्या कमांडांच्या फाइली) बसवून देणे हे आमचे काम. स्क्रिप्ट सगळीकडे एकच. गिऱ्हाइकागणिक बदलते ती सेटिंगची फाइल: पोर्ट, फोल्डर, पासवर्ड, बिलावर छापायचे मराठी आणि कन्नड नाव. प्रत्येक ओळीत ‘नाव=व्हॅल्यू’.

आधी ही फाइल आम्ही सरळ ‘सोर्स’ करायचो, म्हणजे त्या कमांडने स्क्रिप्टमध्ये ओढून घ्यायचो. पण सोर्स फाइल वाचत नाही, चालवते. ‘नेम=शेतकरी भांडार’ असे अवतरणचिन्हांशिवाय लिहिले, की बॅश (स्क्रिप्ट चालवणारा शेल) ‘भांडार’ नावाची कमांड शोधत बसतो. ‘=’च्या आजूबाजूला जागा सुटली, तर ‘नेम’लाच कमांड समजतो. कुणी त्या फाइलमध्ये ‘आरएम’ची, म्हणजे फाइली पुसण्याची, ओळ टाकली, तर तीही चालणार. हे आम्हाला पटेना.

मग ग्रेपने ओळ शोधायची आणि कटने ‘=’वर तिचे तुकडे करायचे. तिथे ‘-एफ2’ (फक्त दुसरा तुकडा) दिले, तर पासवर्डमधल्या ‘=’पुढचे सगळे गळते; ‘-एफ2-’ (दुसऱ्यापासून शेवटपर्यंत) हवे.

त्यानंतर ‘आयएफएस’ला (ओळ कुठे तोडायची ते चिन्ह) ‘=’ देऊन ‘रीड’ने ओळ वाचायची. हे दिसायला नेटके, पण व्हॅल्यूच्या शेवटी एकच ‘=’ असेल आणि मध्ये दुसरा नसेल, तर बॅश तो खाऊन टाकतो. बेस64 मधल्या (अक्षरे-अंकांच्या रूपात लिहिलेल्या) कितीतरी किल्ल्या नेमक्या एका ‘=’वर संपतात! किल्ली बरोबर भरलेली असते आणि तरी लॉगिन होत नाही.

म्हणून आता ‘आयएफएस’ रिकामा ठेवून ‘रीड -आर’ने लूपमध्ये एकेक अख्खी ओळ घेतो. ‘%%=*’ने पहिल्या ‘=’च्या आधीचे नाव, ‘#*=’ने नंतरची व्हॅल्यू. ‘केस’मध्ये आमच्या यादीतलीच नावे स्वीकारतो, बाकीची सोडून देतो. फाइल लूप संपवणाऱ्या ‘डन’नंतर ‘<’ने द्यायची, पाइपने दिली तर लूप सबशेलमध्ये (वेगळ्या, आतल्या शेलमध्ये) चालतो आणि बाहेर आल्यावर व्हेरिएबल रिकामी.

सगळ्यात जास्त वेळ खाते ती विंडोजवर सेव्ह केलेली फाइल. पडद्यावर पोर्ट 8080 दिसते, पण शेपटाला न दिसणारा कॅरेज रिटर्न (विंडोज ओळीच्या शेवटी घालते ते जादा चिन्ह) असतो. फाइल दाखवणाऱ्या ‘कॅट’ला मोठा ‘-ए’ द्या, ‘^एम’ दिसेल. व्हॅल्यू घेतानाच तो छाटावा. शेवटच्या ओळीनंतर एंटर नसेल, तर ‘रीड’ अपयश कळवतो आणि लूप ती ओळ टाकून देतो. ओळ रिकामी नाही ना, ही तपासणी ‘रीड’ला ‘||’ने (‘नाहीतर’) जोडावी.

जुने बॅकअप पुसणाऱ्या ओळीत फोल्डरच्या व्हेरिएबलला ‘:?’ लावल्याशिवाय आम्ही स्क्रिप्ट गिऱ्हाइकाकडे देत नाही. व्हॅल्यू रिकामी निघाली, तर स्क्रिप्ट तिथेच थांबते.